दोन छायाचित्रांतून उभी राहणारी भूमी

चंद्राच्या पृष्ठभागाचे एखादे स्वच्छ छायाचित्र हाती घ्यावे, त्यातील विवरे नीट न्याहाळावीत आणि मग तेच छायाचित्र उलटे धरावे. क्षणापूर्वी जे खोल खड्डे दिसत होते तेच आता फुगीर टेकड्यांप्रमाणे वर आलेले दिसू लागतात, असा बहुतेकांचा अनुभव आहे. आणि मनाला कितीही बजावले तरी त्या टेकड्या पुन्हा खाली जावयास तयार होत नाहीत. याचे कारण चंद्रात नसून पाहणाऱ्यात आहे. प्रकाश वरून येतो हा संस्कार आपल्या दृष्टीवर इतका दृढ झालेला असतो की, छाया कोणत्या बाजूला पडली आहे एवढ्यावरूनच ती खोली आणि उंची यांचा निवाडा करून मोकळी होते. छायाचित्र स्वतः उंचीविषयी काहीच सांगत नाही. त्यात असतात ते केवळ उजेडाचे आणि काळोखाचे ठिपके. त्यांतून डोंगर उभे करण्याचे काम आपली कल्पना करीत असते.

ही उणीव दिसते तितकी किरकोळ नाही. २५ जुलै १९७६ रोजी व्हायकिंग-१ च्या कक्षायानाने मंगळाच्या सायडोनिया प्रदेशाचे जे चित्र टिपले, त्यात सूर्य क्षितिजालगत असताना एका सपाट माथ्याच्या टेकडीवर अशा काही सावल्या पडल्या होत्या की, त्या ठिकाणी मानवी मुखाचा भास व्हावा; आणि त्या एका चित्राच्या आधारावर मंगळावरील लुप्त संस्कृतीच्या कथा पुढे कितीतरी वर्षे रचल्या गेल्या. ती टेकडी म्हणजे झिजलेल्या खडकाचा एक पुंजका आहे, हे अधिक स्पष्ट चित्रांनी पुढे दाखवलेच. परंतु तिचा माथा, तिच्या कडा आणि तिच्या पायथ्याशी घसरलेला राडारोडा यांची प्रत्यक्ष उंची मोजून तिचा संपूर्ण आकार २००६ मध्ये लोकांसमोर मांडला तो मार्स एक्स्प्रेस यानावरील स्टिरिओ कॅमेऱ्याने. एका साक्षीदाराच्या जबानीवर उभे राहिलेले प्रकरण दुसऱ्या साक्षीदाराने निकालात काढावे, तसा हा प्रकार होता.

सावलीवरून उंची काढण्याची युक्ती जुनी आहे. १६१० मध्ये गॅलिलिओने चंद्राच्या अंधाऱ्या भागात चमकणारी शिखरे प्रकाशाच्या सीमेपासून किती दूर आहेत हे पाहून त्यांच्या उंचीचा अंदाज बांधला, आणि चंद्र हा गुळगुळीत गोळा नव्हे हे जगाला पटवून दिले. परंतु सावली फार तर एका शिखराची उंची सांगते. एखादे मैदान कोणत्या दिशेला किती कलले आहे, दरीचा तळ कुठे चढतो आणि कुठे उतरतो, याविषयी ती मूक असते. आणि भूशास्त्राला हवे असते ते नेमके हेच. पाणी कोणीकडे वाहिले, लाव्हा कुठून निघाला आणि कुठे थांबला, दरड कोसळली ती कोणत्या उतारावरून, हे प्रश्न उताराचे आहेत, आणि उतार मोजता आल्याखेरीज परग्रहाच्या भूमीचा इतिहास लिहिता येत नाही, अशी माझी धारणा आहे. सुंदर चित्रांच्या मोहात ही साधी गोष्ट आपण अनेकदा विसरतो.

उंची जाणण्याचे दुसरे साधन निसर्गाने आपल्या चेहऱ्यावरच बसवून ठेवले आहे. आपल्या दोन डोळ्यांत सुमारे साडेसहा सेंटिमीटरांचे अंतर असते, त्यामुळे प्रत्येक डोळ्याला जग किंचित वेगळ्या कोनातून दिसते. नाकासमोर बोट धरून एकदा उजवा आणि एकदा डावा डोळा मिटला तर ते बोट मागील भिंतीवर इकडून तिकडे सरकताना दिसते. हात लांब केला की हे सरकणे कमी होते. वस्तू जितकी जवळ तितके तिचे सरकणे अधिक, हाच तो नियम. या सरकण्याला लंबन म्हणतात, आणि दोन चित्रांतील या भेदावरूनच मेंदू खोलीची जाणीव घडवतो हे १८३८ मध्ये चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने रॉयल सोसायटीपुढे सप्रयोग मांडले. त्यासाठी त्याने तयार केलेल्या उपकरणात दोन आरशांच्या साहाय्याने दोन डोळ्यांना दोन वेगळी रेखाचित्रे दाखवली जात, आणि पाहणाऱ्यापुढे कागदावरील रेषांच्या जागी एक भरीव आकृती अवतीर्ण होई.

आपल्या डोळ्यांतील हे अंतर मात्र फार तोकडे आहे. काहीशे मीटरांपलीकडील वस्तूंच्या बाबतीत दोन्ही डोळ्यांतील प्रतिमांत उमजण्याजोगा फरक उरत नाही; दूरचा सह्याद्री म्हणूनच एखाद्या पडद्यावर रंगवल्यासारखा सपाट भासतो. मग चार लाख किलोमीटरांच्या आसपास असणाऱ्या चंद्राला पुरेसे दोन डोळे आणावयाचे कुठून? वॉरन द ला रू या खगोलछायाचित्रकाराने १८५८ च्या सुमारास याचे जे उत्तर शोधले, त्याचे मला मोठे कौतुक वाटते. चंद्र पृथ्वीकडे नेहमी एकच बाजू करून असतो खरा, परंतु त्याची ही मुद्रा पूर्ण स्थिर नाही. तो डावीउजवीकडे आणि वरखाली काही अंश डोलतो, आणि या डोलण्यामुळे निरनिराळ्या वेळी मिळून त्याचा सुमारे ५९ टक्के पृष्ठभाग आपल्याला दिसू शकतो. द ला रूने चंद्राची कला तीच, परंतु डोलण्याची स्थिती भिन्न, अशा वेगवेगळ्या रात्रींची छायाचित्रे निवडून त्यांच्या जोड्या लावल्या. दोन चित्रांत दहा अंशांचा फरक असला, तर हिशेबाने ते दोन डोळे अंतराळात सुमारे ६७ हजार किलोमीटर दूर ठेवण्यासारखे होते. पाहणारा जागचा हलला नव्हता. चंद्रानेच आपली मान वळवून दुसरा दृष्टिकोन देऊ केला होता.

आज हे काम चंद्राभोवती आणि ग्रहांभोवती फिरणारी याने करतात. त्यातील भारतीय उदाहरण आपल्या वाचकांना जवळचे वाटेल आणि समजावयासही सोपे जाईल. २२ ऑक्टोबर २००८ रोजी निघालेल्या चांद्रयान-१ वर अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात घडवलेला भूरचना टिपणारा एक कॅमेरा होता. त्याला प्रकाशसंवेदी घटकांच्या तीन ओळी होत्या: एक सरळ खाली पाहणारी, एक पंचवीस अंश पुढे पाहणारी आणि एक तितकीच मागे पाहणारी. यान चंद्रभूमीपासून शंभर किलोमीटर उंचीवरून जात असता पुढे पाहणारी ओळ एखादी टेकडी प्रथम टिपे, नंतर यान तिच्या माथ्यावर आले की मधली ओळ तीच टेकडी टिपे, आणि ते पुढे निघून गेल्यावर मागे पाहणारी ओळ तिसऱ्यांदा तिची नोंद घेई. पहिल्या आणि तिसऱ्या नोंदीत अवघ्या मिनिटभराचे अंतर असे, परंतु तेवढ्या अवधीत यान सुमारे शंभर किलोमीटर पुढे सरकलेले असे. म्हणजे जेवढी उंची, जवळजवळ तेवढेच दोन डोळ्यांतील अंतर! या कॅमेऱ्याच्या चित्रातील एक ठिपका जमिनीवरील पाच मीटरांइतका असल्यामुळे, शंभर मीटर उंचीच्या टेकडीचा माथा पहिल्या आणि तिसऱ्या चित्रांच्या दरम्यान भोवतालच्या सपाटीच्या मानाने वीसेक ठिपक्यांनी सरकलेला आढळे. हे सरकणे मोजले की टेकडीची उंची हाती आली.

मिनिटभराच्या या अंतराचे महत्त्व एका गोष्टीसाठी फार आहे. दोन चित्रांमध्ये जे काही भिन्न दिसेल ते केवळ दृष्टिकोन बदलल्यामुळे भिन्न दिसते, असे गृहीत धरूनच सारा हिशेब मांडलेला असतो. सूर्य सरकला, सावल्या बदलल्या, मंगळासारख्या ग्रहावर धूळ उडाली किंवा उतारावर दहिवर पसरले, तर त्या गृहीताला तडा जातो. ही अडचण जाणूनच जर्मनीच्या अंतराळ संस्थेने आणि गेरहार्ड नॉयकुम या भूशास्त्रज्ञाने आपल्या मंगळ-कॅमेऱ्याला तीनऐवजी नऊ ओळी दिल्या. पाच ओळी निरनिराळ्या कोनांतून उंचीसाठी आणि पृष्ठभागाच्या पोतासाठी, आणि चार रंगांसाठी. हा कॅमेरा मुळात रशियाच्या मार्स-९६ मोहिमेसाठी आखलेला होता. नोव्हेंबर १९९६ मध्ये ते यान उड्डाणानंतर पृथ्वीवरच कोसळले आणि अनेक वर्षांच्या श्रमांवर पाणी पडले. तथापि त्या मंडळींनी योजना सोडली नाही; त्याच आराखड्याचा कॅमेरा घेऊन युरोपचे मार्स एक्स्प्रेस यान २ जून २००३ रोजी निघाले आणि त्याच वर्षीच्या नाताळच्या दिवशी मंगळाच्या कक्षेत स्थिरावले. मंगळाचा बहुतेक पृष्ठभाग त्याने अशा रीतीने टिपला आहे की, चित्र आणि उंची यांची नोंद एकाच फेरीत, एकाच प्रकाशात व्हावी.

अमेरिकेच्या मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानावरील हायराइझ कॅमेऱ्याचा मार्ग निराळा आहे. त्याला अर्ध्या मीटर व्यासाचा आरसा असून तीनशे किलोमीटरांवरून तो जमिनीवरील पाव मीटरच्या आसपासचे तपशील टिपतो. परंतु तो एका वेळी एकाच दिशेला पाहतो. म्हणून तीच जागा दुसऱ्या एखाद्या फेरीत, संपूर्ण यान एका कुशीवर कलते करून, पुन्हा टिपावी लागते. दोन फेऱ्यांत काही दिवसांचे, कधी आठवड्यांचे अंतर पडते, आणि प्रकाश फार बदलावयाच्या आत जोडी पूर्ण करण्याची घाई असते. अशा जोडीतून मीटरा-मीटरावर उंची दाखवणारे नकाशे तयार होतात, आणि त्यांतील उंचीची चूक हातभराच्या मागेपुढे असते. कोट्यवधी किलोमीटर दूर असलेल्या एखाद्या कड्यावरील दगड किती उंच आहे हे आपण हातभराच्या फरकाने सांगू शकतो, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

चित्रे आली म्हणजे काम संपले असे नव्हे. खरे कष्ट तेथून सुरू होतात. प्रथम दोन्ही चित्रांतील तेच ते दगड, त्याच त्या भेगा ओळखून त्यांची सांगड घालावी लागते. नंतर त्या क्षणी यान नेमके कुठे होते आणि कोणीकडे किती कलले होते याचा हिशेब या सांगडीच्या आधारे फिरून तपासावा लागतो, कारण यानाची किंचित थरथरसुद्धा नकाशात खोट्या लाटा उमटवते. अखेरीस हे सारे लेसरने मोजलेल्या उंचींशी ताडून पाहतात. मंगळाभोवती फिरलेल्या मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानावरील लेसर-उपकरणाने आपल्या वाटेवर सुमारे तीनशे मीटरांगणिक एक अशी उंची मोजून ठेवली आहे. लेसरचे बिंदू विरळ परंतु भरवशाचे, आणि चित्रांतून काढलेली उंची दाट परंतु आधाराच्या शोधात असलेली. दोहोंचा मेळ घातला म्हणजे नकाशा पक्का होतो.

संगणक हे बहुतांश काम आपोआप करतो, परंतु त्यालाही दगा बसतो. गर्द सावलीत किंवा धुळीने एकसारख्या झालेल्या सपाटीवर एका चित्रातील ठिपका दुसऱ्या चित्रात ओळखावा कशावरून? तेथे संगणक चुकीची जोडी लावतो आणि नकाशात नसलेले उंचवटे आणि खळगे निर्माण होतात. म्हणून शेवटची फेरतपासणी माणूस करतो. खास चष्मा लावून तो पडद्यापुढे बसला की, दोन चित्रांची एक होऊन समोर मंगळाचा उतार त्रिमितीत उभा राहतो, आणि त्या उतारावर एक लहानसा प्रकाशबिंदू तरंगताना दिसतो. हा बिंदू वरखाली करण्याची कळ त्याच्या हाती असते. बिंदू जमिनीच्या वर असला तर तो हवेत अधांतरी लोंबतो, खाली गेला तर जमिनीत रुतल्यासारखा विचित्र दिसतो, आणि नेमका जमिनीला टेकला म्हणजे डोळ्यांना एकदम स्वस्थता वाटते. त्या क्षणाची उंची तो नोंदवतो. व्हीटस्टनने आरशांत जे दाखवले त्याच शक्तीवर, म्हणजे माणसाच्या दोन डोळ्यांच्या एकजुटीवर, हे अत्याधुनिक शास्त्र अखेरच्या शंकेच्या वेळी विसंबून राहते.

या मोजणीने एक मोठा वाद कसा उलगडला ते थोडे विस्ताराने सांगण्याजोगे आहे. मंगळाच्या काही तीव्र उतारांवर उन्हाळ्यात बारीक, गडद रेघा उमटतात, खालच्या दिशेने लांबत जातात, थंडीत फिक्या पडतात आणि पुढील वर्षी पुन्हा येतात. हायराइझच्या चित्रांवरून २०११ मध्ये त्यांची वार्ता प्रसिद्ध झाली, आणि खारट पाणी झिरपत असावे असा तर्क साहजिकच पुढे आला. २०१५ मध्ये त्या जागी जलयुक्त क्षारांच्या खुणा सापडल्याचे जाहीर झाले, तेव्हा मंगळावर आज वाहते पाणी आहे अशी वार्ता जगभर पसरली. चित्रे पाहणाऱ्या कोणालाही ते पटावे, इतक्या त्या रेघा ओघळांसारख्या दिसत होत्या. परंतु दिसण्याच्या पलीकडे जाऊन काही संशोधकांनी त्या उतारांच्या स्टिरिओ जोड्यांतून उंचीचे नकाशे तयार केले आणि दहा ठिकाणच्या दीडशेंहून अधिक रेघा कोणत्या उतारावर सुरू होतात आणि कोणत्या उतारावर संपतात हे मोजले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मोजणीचा निष्कर्ष असा की, या रेघा जवळजवळ सर्वच सत्तावीस अंशांहून तीव्र उतारावर आढळतात, आणि जेथे उतार कोरड्या वाळूच्या स्थिरकोनाइतका मंद होतो तेथे येऊन त्या थांबतात.

स्थिरकोनाचा अर्थ आपल्या शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. खळ्यावर धान्याची रास घालताना वरून कितीही दाणे ओतले तरी राशीची बाजू एका ठराविक कलापेक्षा उभी राहत नाही. जास्तीचे दाणे घरंगळून खाली येतात आणि तो कल कायम राखतात. कोरड्या कणांचा हा धर्म पृथ्वीवर आणि मंगळावर सारखाच आहे. पाण्याचे तसे नाही. पाणी मंद उतारावरूनही वाट काढीत पुढे जाते. त्या रेघा पाण्याच्या असत्या तर त्यांतील काही तरी पायथ्याच्या सौम्य जमिनीवर पसरलेल्या आढळल्या असत्या. तशा त्या आढळल्या नाहीत. तेव्हा हे घसरणाऱ्या वाळूचे आणि धुळीचे प्रवाह असावेत, आणि पाण्याचा त्यांत वाटा असलाच तर फार थोडा असावा, असे मानण्यास बळकट आधार मिळाला. त्या रेघा ऋतूप्रमाणे का परततात याचा विचार अद्याप चालू आहे. जीवसृष्टीच्या आशेने या रेघांकडे पाहणाऱ्यांची निराशा मी समजू शकतो. तरीही मला या प्रकरणात निराशेपेक्षा समाधान अधिक वाटते, कारण येथे मोहक रूपाला मोजलेल्या उताराने उत्तर दिले.

विवरांच्या बाबतीतही खोलीचा हिशेब असाच बोलका असतो. उल्कापाताने नुकतेच पडलेले लहान, साधे विवर आपल्या रुंदीच्या साधारण पाचव्या हिश्शाइतके खोल असते. त्याहून ते उथळ आढळले तर पुढे त्यात काहीतरी भरले, किंवा त्याच्या कडा झिजल्या, असे समजावे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर हे बेसाल्ट खडकात पडलेले विवर म्हणून चंद्र-मंगळाच्या अभ्यासकांना मोलाचे वाटते, आणि त्याच्याही तळाशी सरोवराखाली गाळाचा जाड थर साचून त्याची मूळ खोली झाकली गेली आहे. मंगळावरील विवरांत असा गाळ किती आणि कोणी आणून टाकला, हे ठरवण्यास तेथे जाऊन भोक पाडता येत नाही. तेथे उंचीच्या नकाशावरच भिस्त.

चांद्रयान-१ च्या चित्रजोड्यांचा उपयोग करून अहमदाबादच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये चंद्राच्या विषुववृत्तानजीक, वादळांचा महासागर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लाव्हाच्या मैदानात, जमिनीखालील एका पोकळ लाव्हानळीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तिची लांबी पावणेदोन किलोमीटरांच्या आसपास असून तिचे छत ढासळलेले नाही. चंद्रावर पुढेमागे माणूस राहू लागला तर किरणोत्सर्गापासून आणि उल्कांच्या माऱ्यापासून त्याला आसरा देणाऱ्या जागा अशाच असणार.

चांद्रयान-२ च्या कक्षायानाने हे काम पुढे नेले. त्याच्या अधिक सूक्ष्म कॅमेऱ्याला पाव मीटरच्या आसपासचे तपशील दिसतात, आणि यान कलवून निराळ्या फेऱ्यांत त्याच जागेची दुसरी चित्रे घेतली की त्यांतून उतार आणि खडक यांचा हिशेब निघतो. चांद्रयान-३ साठी दक्षिण ध्रुवाच्या बाजूला चार किलोमीटर लांब आणि २.४ किलोमीटर रुंद अशी जी जागा मुक्रर करण्यात आली, तिच्या निवडीत या कॅमेऱ्याच्या चित्रांचा मोठा वाटा होता. २३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी चांद्रयान-३ चा अवतरक विक्रम तेथे अलगद उतरला. त्या सायंकाळचा जल्लोष सर्वांनी पाहिला. त्यामागे चंद्राच्या एका तुकड्याचा उंचसखलपणा आधीच मोजून ठेवणारे जे कष्ट होते, त्यांची वाखाणणी मात्र थोड्यांनीच केली.

प्रकाशाच्या कॅमेऱ्याला काही ठिकाणी मज्जाव आहे. चंद्राच्या ध्रुवांजवळील काही विवरांच्या तळाशी सूर्यकिरण कधीच पोचत नाहीत, आणि शुक्राची भूमी तर अखंड ढगांच्या आवरणाखाली दडलेली आहे. शुक्राकडे गेलेल्या अमेरिकेच्या मॅगेलन यानाने १९९० पासून रडारच्या लहरींनी ते आवरण भेदले, आणि काही प्रदेश निरनिराळ्या फेऱ्यांत निरनिराळ्या कोनांतून टिपून रडारच्याही स्टिरिओ जोड्या मिळवल्या. याच दप्तरातून २०२३ मध्ये एक महत्त्वाचा शोध निघाला. मात मॉन्स नावाच्या ज्वालामुखीवरील एका मुखाची फेब्रुवारी १९९१ आणि ऑक्टोबर १९९१ मधील चित्रे ताडून पाहता, ते मुख त्या आठ महिन्यांत जवळजवळ दुप्पट विस्तारलेले आणि आकाराने बदललेले आढळले. परंतु दोन्ही चित्रे भिन्न दिशांनी घेतलेली होती. मग भेद जमिनीचा की दृष्टिकोनाचा? रॉबर्ट हेरिक आणि स्कॉट हेन्स्ली या संशोधकांनी संगणकावर निरनिराळ्या आकारांची मुखे रचली, त्या प्रत्येकाचे रडारचित्र त्या त्या कोनांतून कसे दिसेल ते काढून पाहिले, आणि केवळ कोन बदलल्याने एवढा फरक पडू शकत नाही अशी खातरजमा झाल्यावरच, शुक्रावर भूमीची उलथापालथ आजच्या काळातही चालू असल्याचे जाहीर केले. मॅगेलनची ती चित्रे तोपर्यंत तीस वर्षांहून अधिक काळ कोणाही अभ्यासकाला उपलब्ध होती.